मार्कंड्यात साक्षगंध कोणाचं?

"आजीचे गुडघे कसे आहेत जी?"

चामोर्शीच्या बसस्टँडवर, शेजारच्या बाकावरून, एका पूर्णपणे अनोळखी तरुणाने मला हा प्रश्न विचारला. मी दचकून फोन कानापासून दूर केला. माझ्या आजीचे गुडघे या माणसाला कसे माहीत?

"तुम्ही चोरून ऐकत होता?"

"चोरून कायले? तुमी एवढ्या जोरात बोलून राह्यल्या, पानठेल्यावाल्यानं बी ऐकलं." त्याच्या हातात कागदाच्या पुडीत बोरं होती. पुडी त्याने माझ्यापुढे धरली. "घ्या. भांडून घसा सुकला असन."

मी भांडतच होते, पोंभुर्ण्याच्या दसरूकाकाशी. आमच्या मनकर्णाआजीने संक्रांतीला फर्मान काढलं होतं, की यंदा महाशिवरात्रीला अख्खं खानदान मार्कंड्याला, महादेवाच्या देवळाजवळ नदीकाठी मुक्काम करणार. अख्खं म्हणजे पोंभुर्ण्याचे, नागपूरचे, आम्ही ऊर्जानगरवाले, चुलतभावांची तान्ही लेकरं, सगळे. आणि बी.एस्सी. होऊन परीक्षांची तयारी करणारी, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामी, मी एकटीच असल्याने सोय बघायला मला पाठवलं. भक्तनिवास भरलेलं. लॉज भरलेले. "आजीचे गुडघे दुखते, तिले बसमध्येच झोपवतो!" असं मी काकाला ओरडून सांगत होते, तेवढ्यात हे गुडघे निघाले.

"गुडघे वाईट आहेत," मी शेवटी म्हटलं. "पायऱ्या चालत नाहीत."

"मग लॉज पायजेच कायले? नदीच्या अंगाला माह्या मावसाचं शेत रिकामं आहे. तंबू टाकून देतो. गाद्या, रजया, सैपाकाचे गंज, कनात… सगळं माह्याकडलं. बिछायत केंद्र आहे आपलं." तो उठला, शर्टावरची बोराची साल झटकली आणि हसला. "अश्वजित."

गालाला खळी पडते हे मी पाहिलं, आणि पाहिलं हे त्याने पाहिलं. मी घाईघाईने एक बोर तोंडात टाकलं. चांगलंच आंबट निघालं!

त्या दिवसापासून त्याचे फोन सुरू झाले.

"जयभीम. अश्वजित बोलतो. तुमच्यात घोरणारे किती?"

"काय?"

"घोरणारे जी. त्यांचा तंबू दूर टाकतो. लहान लेकरं दचकतात."

"तीन. चौथा कबूल करत नाही."

"अन् भासरे-सुना?"

हा प्रश्न मात्र अवघड होता. आमच्याकडे अजूनही नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, सून पाय पसरून बसत नाही. आणि आमच्या घरात प्रत्येक सुनेला किमान दोन भासरे. कोणाला कोणाच्या शेजारी झोपवायचं यावर आम्ही दोघांनी एवढं डोकं लावलं, की माझ्या परीक्षेला लावलं असतं तर मी कलेक्टर झाले असते.

"मधात कनातीचा पडदा टाकू," तो म्हणाला. "इकडं सुना, तिकडं भासरे. अन् तुमी?"

"मी काय?"

"तुमी घोरता का?"

"हा प्रश्न बिछायतवाल्याचा आहे का?"

पलीकडे तो खाकरला. "बिछायतवाल्याचाच आहे. जागा ठरवाची आहे ना."

मी फोन ठेवला आणि उगाचच आरशात पाहिलं.

त्याच्या 'जयभीम'ला पहिल्या दिवशी मी 'नमस्कार' म्हटलं होतं. पुढे-पुढे नुसती हसायला लागले. मग एका सकाळी माझ्याच तोंडून 'जयभीम' निघून गेलं, तेही स्वयंपाकघरात, आईसमोर. आईची तव्यावरची पोळी करपली. आमच्या घरी चहापाणी सगळ्यांशी असतं, सोयरीक मात्र जातीतच होते. हे मला माहीत होतं, आणि त्यालाही.

"तू मार्कंड्याचं एवढं करतोस, देवळात जातोस का?" एकदा मी विचारलं. 'तू' कधी झालं ते कळलंच नाही.

"नाई. देवळात मी जात नाई. पण देवळात येणाऱ्याले रात्री झोप लागली पायजे, तेवढं माह्याकडे."

त्या रात्री मलाच झोप लागली नाही!

आणि मग, निघायच्या आदल्या आठवड्यात, तो एकाएकी बदलला. फोन आला की "मॅडम". काही विचारलं की "हो मॅडम". मी मुद्दाम म्हटलं, "घोरणारे आता चार झाले बरं का." तर म्हणे, "ठीक आहे मॅडम, एक तंबू वाढवतो." मी सुन्न. माझं काय चुकलं? दोन दिवस मी त्याच्यावर चिडले, तिसऱ्या दिवशी रडले, आणि हे सगळं एका गाद्या भाड्याने देणाऱ्या माणसासाठी करतेय म्हणून स्वतःवरही चिडले.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या गाड्या मार्कंड्याला लागल्या. रस्त्याने पळस पेटला होता. नदीचं पाणी उन्हात चकाकत होतं, वाळूत जत्रेची दुकानं लागली होती, आणि शेतात आमचं गावच वसलं होतं! आजीचा तंबू सगळ्यात सपाट जागी, शेजारी पाण्याचा माठ. आजीने गादीवर हात फिरवला आणि म्हणाली, "माय व, घरी बी एवढं मऊ नाई."

अश्वजित दूर दोऱ्या ताणत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. मी तरातरा त्याच्याकडे निघाले, आणि वाटेत थबकले. शेवटच्या तंबूच्या मागे, कनातीच्या आडोशाला, झेंडूच्या माळा लावलेला एक छोटासा स्टेज होता. त्यावर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या. नवरा-नवरीला बसवतात ना, तसल्या.

"हे काय आहे?"

त्याने दोरी सोडली. "मॅडम, तुमी इकडं कायले आल्या…"

"अश्वजित. हे काय आहे?"

त्याने मान खाली घातली. "उद्या साक्षगंध आहे."

साक्षगंध! आमच्याकडे साखरपुड्याला हाच शब्द. "कोणाचं?"

"दसरूकाकाचा फोन आला होता. साक्षगंधाची तयारी ठेवा, चिमूरचे पाहुणे येऊन राह्यले म्हणे. अन् म्हणे… दिव्यानीले कानोकान खबर नको."

चिमूर! दिवाळीत काकाने चिमूरच्या कुण्या विक्कीचा फोटो दाखवला होता. मी 'पाहू' म्हटलं होतं, आणि आमच्या घरात 'पाहू'चा अर्थ 'हो' धरतात. म्हणजे मुक्कामाची जागा मी शोधली, गाद्या मी मोजल्या, भासरे मी सांभाळले, आणि हा सगळा घाट माझ्याच साक्षगंधाचा होता?

"अन् तू माळा लावून राह्यला? माह्या साक्षगंधाच्या? तुझ्या हातानं?"

"मले वाटलं, तुमाले पसंत असन. नुसता दिवस लपवला असन, गंमत म्हणून." त्याच्या हाताला झेंडूचा पिवळा रंग लागला होता. तो रंग तो पुसत राहिला. "गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर काढू नाई, हे मले बापानं शिकवलं. पण तुमी विचारल्यावर खोटं बोलता नाई आलं."

"काऊन नाई आलं?"

"तुमाले माहीत आहे."

"नाई माहीत. बोल."

तिकडे कुणीतरी लाउडस्पीकर तपासत होतं. हॅलो… हॅलो… त्या गोंगाटात त्याने एकदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मले तू आवडते, दिव्यानी. बसस्टँडपासून. आता जा, तुह्या घरचे पाहून राह्यले."

मी गेले. पण तो म्हणाला तशी मुकाट्याने नाही. आधी नदीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. वाळूत बसून राहिले. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, आजीचा आणला, घाबरले, पुन्हा तोंडावर पाणी मारलं. दिवेलागणीला परतले तेव्हा पंगत बसली होती. सतरंज्यांवर दोन रांगा, मधून बाबा स्वतः वरणाचा गंज घेऊन वाढत होते. चिमूरचे पाहुणे आलेले दिसत होते, चार-पाच अनोळखी चेहरे. त्यात विक्की कोणता ते मी पाहिलंही नाही.

"मी हे साक्षगंध करणार नाही!"

सगळे घास हातातच राहिले. काकूने घाईत पदर डोक्यावर घेतला.

"मले न विचारता तुम्ही कोणाच्या बी शेजारी बसवणार का? मले विक्की नको. मले… मले तो बिछायतवाला आवडते. अश्वजित!"

एक तान्हं लेकरू तेवढं रडत होतं.

"अवं माय," आजी म्हणाली. "तुहं कोण करून राह्यलं व साक्षगंध?"

"मग… मग ते…?"

आणि तेव्हा मला सुगंधाआत्या दिसली. बाबांची धाकटी बहीण. मी शाळेत होते तेव्हा तिचा नवरा गेला, आणि तेव्हापासून ती पोंभुर्ण्याला भावाच्या घरात, रंग उडालेल्या साड्यांमध्ये, सगळ्यांची लेकरं वाढवत राहिली. आज तिने हिरवी साडी नेसली होती. केसात शेवंती होती. आणि पाहुण्यांच्या रांगेत, पिकल्या मिशांचे, नवाकोरा शर्ट घातलेले एक गृहस्थ ओशाळून पत्रावळीकडे पाहत होते. चिमूरचे देवाजीभाऊ. त्यांचीही बायको जाऊन वर्षं झालेली, हे मला मागाहून कळलं.

"तुह्या तोंडात तीळ भिजत नाई!" दसरूकाका उसळला. "म्हणून तुले सांगतलं नाई. गावभर झालं असतं, अन् लोकांनी मोडता घातला असता. अन् तू काय केलं? पाहुण्यांसमोर…" तो एकदम थांबला. मी काय बोलले ते आता त्याच्या डोक्यात शिरलं. "कोण अश्वजित? तो जयभीमवाला?"

मी मान हलवली. बाबा वरणाचा गंज धरून तसेच उभे होते. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. माझं जे व्हायचं ते होवो, पण मी आत्याचा उद्याचा दिवस आजच नासवला होता. इतक्या वर्षांनी तिच्या वाट्याला आलेला एक दिवस, आणि तो मी भर पंगतीत उधळून लावला.

"आत्या, मले माहीत नव्हतं…" मी रडायलाच लागले.

आत्या उठली. रागावेल, असं वाटलं. ती माझ्याजवळ आली, पदराने माझं तोंड पुसलं.

"देवाजीभाऊंनी मले विचारून किती वर्षं झाली, माहीत आहे तुले?" ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "लोक काय म्हणतीन, दादा काय म्हणन, म्हणून मी थांबून राह्यली. केस पिकले तोवर थांबली. तुले एक रात्र बी थांबता नाई आलं." ती हसली, आणि हसता-हसता तिचेही डोळे भरले. "लई चांगलं केलं व पोरी."

मग ती बाबांकडे वळली. "दादा, तो पोरगा सकाळपासून आपल्या गाद्या टाकून राह्यला. जेवला का म्हणून कोणी विचारलं? पोरीचं काय ते मागाहून बोल. पण आज त्याले पंगतीत बसव. तो त्या तंबूच्या खांबामागं उभा आहे, अन् सगळं ऐकून राह्यला."

सगळ्यांच्या माना वळल्या. अश्वजित खरंच खांबामागे होता. पळून जावं की पुढे यावं, हे त्याला सुचत नव्हतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दसरूकाका काहीतरी पुटपुटला. आई बाबांकडे पाहत होती. आजीने घास गिळला आणि नुसतंच म्हणाली, "वरण थंडं होऊन राह्यलं, रे बापा."

बाबा कमी बोलतात. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मी डोळे खाली केले नाहीत.

"ये, बस," ते म्हणाले.

देवाजीभाऊ लगबगीने सरकले आणि आपल्या शेजारी जागा केली. अश्वजित मांडी घालून बसला तेव्हा त्याच्या बोटांना अजून झेंडूचा रंग होता, मला समोरून दिसत होता. काकूने पत्रावळ मांडली, भात वाढला. बाबा गंज घेऊन त्याच्यापुढे वाकले.

"वरण?"

"हो, बाबा," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्याचे डोळे विस्फारले. काकाने कपाळाला हात लावला, आणि बाबांची पळी भातावर तशीच अधांतरी थांबली.

मग त्यांनी ती भातावर ओतली. आणि गंजात पुन्हा बुडवून, न विचारता, आणखी एक.