बोर्डावरच्या काळ्या प्लेटी

हौसेला मोल नाही म्हणतात, आणि धर्माजीच्या हौसेला तर ताळही नव्हता. २००४ सालच्या चैत्रात लोणीच्या शिवारात त्याचा बंगला उभा राहिला. रंग गुलाबी, गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचे दोन गरुड, दारं सागवानी. अक्षय तृतीयेला घरभरणी ठरली होती. आता राहिले होते ते बटणांचे बोर्ड. त्यांना प्लॅस्टिकच्या प्लेटी नकोत, काळ्या घोटीव दगडाच्या हव्यात, असं धर्माजीच्या पोरानं, सुदर्शननं, पुण्यातलं कुठलंसं हॉटेल बघून ठरवलं होतं.

मेहबूब वायरमन जुन्नरहून सकाळी नऊला आला. दगडाच्याच हव्यात तर पाट्या-वरवंट्यालाच बटणं लावा की, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण धर्माजीपुढं तो कामापुरतंच बोलायचा. नारायणगाव, मंचर, वाटेत वायरमन काय कमी होते? तरी गेली आठ वर्षं धर्माजी बोलवायचा तो मेहबूबलाच, आणि मेहबूबही कधी नाही म्हणाला नाही. लोकांना वाटे, जुनी दोस्ती. दोस्ती कसली, दोघांचे हात एकाच दगडाखाली सापडले होते.

प्लेटी पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. अकरा. मेहबूबनं कागदावर मापं काढून दिली होती, त्याप्रमाणे बटणांची आणि स्क्रूची भोकं पाडूनच आल्या होत्या.

"सावळारामनं केल्यात," धर्माजी म्हणाला. "म्हटलं, शेजारधर्म हाय. दगड बी त्येच्याकडलाच. लई जुना, पाण्यात मुरलेला हाय म्हणाला."

सावळारामचं रान धर्माजीच्या बांधाला लागून होतं. पूर्वी तो गावोगाव हिंडून जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावायचा. बायको गेल्यापासून मंचरजवळच्या फरशीच्या कारखान्यात दगड कापायला जात होता. मेहबूबनं त्याचं नाव ऐकलं आणि पक्कड शोधण्याचं निमित्त करून पिशवीत मान घातली.

मीटर अजून यायचा होता. खांबावरून घरापर्यंत वायर ओढलेली नव्हती, तिचं वेटोळं ओट्यावर तसंच पडलं होतं. म्हणजे काम निवांत. भिंतीतल्या डबीवर प्लेट धरायची, पाणसळ लावायची, स्क्रू पिळायचे. दगड जाड म्हणून त्यानं दोन इंची स्क्रू आणले होते. वजनही चांगलंच होतं. एका हातानं प्लेट दाबून धरताना मनगट भरून येत होतं.

पहिली प्लेट दिवाणखान्यात बसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि दगड मात्र गार. मेहबूबला बरं वाटलं. हात काढला तर तळवा ओला. पॉलिशचं तेल असेल, म्हणून त्यानं फडक्यानं प्लेट पुसली. दुसरी बसवून मागं वळून पाहिलं, तर पहिलीवर पुन्हा बारीक थेंब जमले होते. त्यानं बोट लावून वास घेतला. तेल नव्हतं. धुण्याच्या साबणाचा वास होता आणि त्याच्या खाली करपलेल्या सुती कपड्याचा.

पाचवी प्लेट बसवण्याआधी त्यानं सहज उलटी केली. मागची बाजू घोटलेली नव्हती. तिच्यावर तीन तिरप्या खाचा होत्या, टाकीनं पाडलेल्या, वापरून वापरून कडा गुळगुळीत झालेल्या.

मेहबूब खाली बसला.

तो दगड त्यानं पाहिला होता. धर्माजीच्या विहिरीवरचा धुण्याचा दगड, पुढं सावळारामनं उचलून नेलेला. कपडा नीट घासला जावा म्हणून सावळारामनं आपल्या नव्या नवरीसाठी, साळुबाईसाठी, त्याच्यावर खाचा पाडल्या होत्या. शहाण्णव साली धर्माजीच्या भुईमुगात रानडुकरं पडत होती. मोटारीच्या पेटीतून कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा, असं त्यानं ठरवलं, आणि तो जोडून दिला मेहबूबनं. रात्री चालू करायचा, दिवस उगवला की बंद करायचा, असं ठरलं होतं. एका सकाळी धर्माजी बंद करायला विसरला. साळुबाईनं धुणं धुतलं आणि ओलं लुगडं वाळत घालायला तारेकडं हात केला. ती त्या दगडावरच पडली. पोलीस यायच्या आत धर्माजीनं मेहबूबला गाठलं आणि मेहबूबनं जोड काढून टाकला. तिथं करंट नव्हता, असा जबाबही दिला. बाईला फेफरं येत असेल, असं कागदावर आलं. साळुबाईला जन्मात कधी फेफरं आलं नव्हतं. मेहबूबनं हे कोणाला सांगितलं नाही, बायकोला, जोहराबीलासुद्धा नाही.

तो उठून बाहेर गेला. धर्माजी मांडववाल्यांना हुकूम सोडत होता.

"शेठ, जरा इकडं या." मेहबूबनं आवाज खाली आणला. "दगड विहिरीवरला हाय. धुण्याचा."

धर्माजीनं मांडववाल्यांकडं पाठ केली.

"मग?"

"नका लावू. मी पदरच्या प्लेटी आणून बसवतो."

"आठ वर्सं झाली, मेहबूबभाई. दगडाला काय तोंड असतंय का?" धर्माजी हसला, पण डोळे हसले नाहीत. "गुमान बसव. मी आत गेलो तर एकटा न्हाई जायचो."

मेहबूबला स्वतःची किळस आली. तरी तो आत गेला आणि उरलेल्या प्लेटी त्यानं बसवल्या. माणूस भ्याला की हात आपोआप चालतात.

अकरावी प्लेट माजघरात बसली तेव्हा बारा वाजून गेले होते. काम संपलं की स्क्रूला टेस्टर लावायचा, ही वीस वर्षांची सवय. त्यानं टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

त्यानं टेस्टर झटकला आणि नुसत्या दगडाला लावला, स्क्रूपासून चार बोटं लांब. तरी पेटला. तो ओट्यावर धावला. वायरचं वेटोळं होतं तिथंच होतं. खांबावरून घराकडं काहीही आलेलं नव्हतं.

परत आला तर अकराही प्लेटींखाली नव्या गुलाबी रंगावर पाण्याचे ओघळ उतरले होते, पिळून टाकलेल्या धुण्यातून निघावेत तसे.

"शेठ, आत येऊ नका," तो ओरडला.

ओरडल्यामुळंच धर्माजी आत आला. त्याला ओघळ दिसले आणि तो संतापला.

"रंगाची वाट लावलीस की रे!"

"हात लावू नका. पाया पडतो तुमच्या."

धर्माजीनं खांद्यावरच्या टॉवेलानं भिंत पुसली. टॉवेल भिजला. मग त्यानं तळव्यानं प्लेट पुसली.

तळवा तिथंच राहिला.

त्याचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. मानेच्या शिरा ताठल्या.

मेहबूबनं लाकडी स्टूल उचलून त्याच्या हातावर मारलं. हात सुटला नाही. मेहबूब मेन बंद करायला दाराकडं पळाला.

मेनच्या जागी भिंतीत रिकामी डबी होती.

साबणाचा वास घरभर पसरला होता.

मग मागं काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. भिंत कोरडी होती.

डॉक्टरांनी करंट लागून मृत्यू असं लिहिलं. चौकीत मेहबूबनं सांगितलं, "तिथं करंट नव्हता, साहेब." आठ वर्षांपूर्वीही तो याच बाकावर बसून हेच म्हणाला होता, आणि तेव्हा ते लगेच लिहून घेतलं गेलं होतं. या वेळी साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्याचं लायसन काढून घेतलं आणि लोणीच काय, सगळ्या मुलखाला मेहबूब वायरमननं माणूस मारल्याचं कळलं.

धर्माजीचा दहावा झाला. दुसऱ्या दिवशी मेहबूब सावळारामच्या घरी गेला. आता त्याच्याकडं राखायचं असं काही उरलं नव्हतं. सावळाराम अंगणात दगड घासत बसला होता.

"सावळारामभाऊ, तार मी जोडली व्हती," मेहबूब उभ्यानंच म्हणाला. "काढून टाकली बी मीच."

"म्हाईत हाय."

"कवापासनं?"

"तिला न्हाऊ घातलं तवापासनं. डाव्या तळव्यावर डाग व्हता, एवढा." सावळारामनं घासणं थांबवलं नाही. "बायांनी दावला मला."

"मग बोलला का न्हाई?"

"मला कुणी इचारलं?"

मेहबूबला रडू फुटलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. तो हात जोडून म्हणाला, "उद्या चौकीत जाऊन सगळं लिहून देतो. तुमी म्हणाल ते करतो."

"मी काय म्हणणार? मी नुसता कापतो." सावळाराम उठून घरात गेला आणि पोत्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. "शेठच्या अकरा झाल्या तुमच्या कागदावरनं. ही बारावी, हिला कागद नव्हता. दगडावर ओली खूण उमटली, सुकायच्या आत कापून घेतली. तुमची असंल."

"मी न्हाई नेणार."

"नका नेऊ. तिला काय, कुठं जायचं ते ठाव असंल."

मेहबूबनं पोतं उलगडलं. लहानशी चौकोनी प्लेट, घोटलेली. बंगल्यातल्या बोर्डांसारखी लांबट भोकं तिला नव्हती. मधोमध एकच भोक, गोल, जुन्या काळ्या बटणाच्या मापाचं, आणि खालच्या कडेला नखाएवढा टवका. तसलं बटण आता बाजारात मिळत नव्हतं. जुन्नरला त्याच्या घरात मोरीशेजारी एक उरलं होतं, त्याच्या बापानं लावलेलं, खालच्या कडेला टवका उडालेलं. सावळारामनं ते घर कधी पाहिलेलं नव्हतं.

मेहबूबचं लक्ष उन्हाकडं गेलं. दहा वाजायला आले होते. या वेळेला जोहराबी धुणं भिजवायची आणि ओल्या हातानं ते बटण दाबायची.