काठावरची बाई

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. जिन्याच्या वळणावर तो भलीमोठी काच धरून वर येत होता, आणि मी फोटोंचा गठ्ठा छातीशी धरून धडाधड उतरत होते.

"हळू, मॅडम... काच दुसरी मिळेल. तुमचं नाक—"

"माझ्या नाकाचं मी बघेन."

तो फ्रेमवाला. मी इतिहासाची नवी प्राध्यापिका. विसरल्या गेलेल्या कर्तबगार बायका कॉलेजच्या मुलांना कळाव्यात म्हणून प्रदर्शन मांडत होते. त्यात माझा सगळ्यांत लाडका फोटो वेधशाळेचा. मधोमध दाढीवाले संचालक, आणि अगदी डाव्या काठावर ती. धूमकेतूची वाट गणिताने शोधून काढणारी.

फ्रेम होऊन आली आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. संचालक नेमके मध्यभागी होते. ती मात्र फोटोभोवती लावलेल्या पुठ्ठ्याच्या किनारीखाली गेली होती. दिसत होती नुसती बाही.

"जिच्यासाठी फोटो लावतेय, तिलाच झाकलंत?"

त्याने सारवासारव केली नाही. "हाताला मध्य धरायची सवय आहे," तो हळूच म्हणाला. "काठावरचं माणूस खाली जातं. चुकलं माझं."

तिथेच व्हरांड्यात बसून त्याने नवा पुठ्ठा कापला. फोटो मी धरला होता.

"सरळ धरा."

"सरळच आहे. तुम्ही फोटोकडे बघा... माझ्याकडे नाही."

"दोन्हीकडे लक्ष आहे माझं," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आता किनार डावीकडे जेमतेम बोटभर होती, उजवीकडे चांगली रुंद. ही फ्रेम अशी वाकडी का, म्हणून मुलं थांबायची, आणि मग त्यांना ती दिसायची.

त्यानंतर तो फ्रेमचे सैल खिळे बघायला वरचेवर येऊ लागला. त्यातले दोन मीच सैल केले होते.

अशात मला बोलावणं आलं. तिची टिपणं ज्या दूरच्या वेधशाळेत पडून होती, तिथे दोन वर्षं संशोधन करायला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस," आई म्हणाली. खरं सांगते, त्याने एकदा 'थांबा' म्हटलं असतं तर मी थांबले असते. त्याचीच मला भीती वाटत होती.

त्याच फोटोसमोर मी त्याला सांगितलं. तो कितीतरी वेळ काच पुसत राहिला.

"थांब म्हणा ना..." मीच म्हणाले.

"नाही म्हणणार. एकीला चुकून पुठ्ठ्याखाली घातलं. दुसरीला जाणूनबुजून कसं घालू? तुम्ही मला आवडता. फार. म्हणून जा."

मला रडू आवरेना. "आणि दोन वर्षांनी?"

"दुकान तिथेच असेल. मीही."

निघायच्या दिवशी तो सोडायला आला. कॉलेजच्या त्याच जिन्यावरून आम्ही शेवटचे उतरलो, या खेपेला हळूहळू. त्याचे हात रिकामे होते. मी त्यातला एक धरला.