चिंचोक्याची खळ

"ह्या घाण पाण्याचं काय करणार हाय तुमी?"

आवाज मागून आला. सोलापूरच्या सात रस्ता चौकाजवळच्या एका वॉशिंग सेंटरच्या नालीशी मी उकिडवी बसले होते. हातात पाच लिटरचा कॅन, आणि गाड्या धुतलेलं काळं, तेलकट पाणी मी मगाने त्यात भरत होते. मे महिन्यातली सकाळ, ओढणीला ग्रीसचे डाग. अशा वेळी कुणी देखणा माणूस भेटू नये, पण माझं नशीब नेमकं असंच आहे.

"पिणार आहे," मी म्हणाले.

"मग बरूबर हाय. उन्हाळा लई हाय." तो अगदी गंभीर. "बर्फ आणू का?"

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, खांद्यावर टॉवेल. त्याची पिकअप रॅम्पवर चढवलेली आणि तिच्यातून उतरवलेला नव्या घोंगड्यांचा गठ्ठा बाकावर ठेवलेला. नाव मल्हार, गाव मैंदर्गी. घरी मेंढरं, आई घोंगड्या विणते, तो सोलापुरातल्या दुकानांना पोचवतो. हे सगळं त्याने मी न विचारता सांगितलं, आणि मी न ऐकल्यासारखं दाखवून नीट ऐकलं.

मग माझी पाळी. मी चैताली. पीएच.डी. करते. पाण्यातून तेल वेगळं करणारा पडदा बनवायचा, असा माझा विषय. बाजारात असे पडदे मिळतात, पण ते प्लास्टिकचे. काम संपलं की त्यांचाच कचरा होतो. मला असा हवा, की काम झाल्यावर मातीत पुरला तर कुजून जाईल.

"म्हंजी आमी जलमभर घोंगडी कुजू नये म्हणून धडपडायचं," तो म्हणाला, "आन तुमाला कुजणारं कापड पाहिजे."

मला हसू आलं. तेवढ्यात गाडी धुणाऱ्याच्या हातून पंपाचा पाइप निसटला. रॅम्पवर, बाकावर, आमच्या दोघांवर पाण्याचा मारा. सोलापुरात मे महिन्यात तेवढाच काय तो पाऊस. मी दचकून उठले आणि कॅनमधलं अर्धं काळं पाणी थेट त्याच्या गठ्ठ्यातल्या वरच्या घोंगडीवर सांडलं.

"अहो, सॉरी... खरंच सॉरी—"

मी घोंगडीवर वाकले. भिजलेल्या घोंगडीच्या खोलगट भागातून पाणी खाली गळत होतं आणि तेल मात्र वरच थांबलं होतं. काळे, गोल, चकचकीत थेंब. मी बोटाने घोंगडी जरा तिरकी केली तर ते घरंगळून कडेला गेले. दीड वर्ष मी ज्याच्या मागे होते ते वॉशिंग सेंटरच्या बाकावर आपोआप घडत होतं.

"मला ही घोंगडी द्या."

"ही? मळली की."

"मला मळकीच हवी."

"आमच्यात कुनाला मळकं देत न्हाईत," तो म्हणाला. "मंगळवारी चांगली आणून देतो. नंबर द्या तुमचा."

मी फार वाद घातला नाही. का घातला नाही, ते तेव्हा मला कळलं नव्हतं असं मी इथे लिहू शकते, पण ते खोटं होईल. त्याने नंबर मागितला, याचाच मला आनंद झाला होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोनवर त्याची एक शंका यायची. तेल पाण्यावर तरंगतंय तर वरनं चमच्यानं का काढत न्हाय? मी लिहायची, साबणामुळे तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते वर येतच नाहीत. मग दुसरी. पडदा कुजायला दिवस किती लागतात? मग तिसरी. मेंढीनं खाल्ला तर चालंल का? माझ्या विषयात इतका रस आजवर कुणीच घेतला नव्हता. माझ्या मार्गदर्शक भुवनेश्वरी मॅडमनी तर स्पष्ट सांगितलं होतं, की शुक्रवारी समिती बसेल आणि तोपर्यंत एकही पडदा चालला नाही तर हा विषय बंद.

मंगळवारी तो घोंगडी घेऊन आला. स्वच्छ, छान घडी घातलेली. हातात घेतली तर शालीसारखी मऊ. तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, आणि मी... मी घोंगडीचं कौतुक केलं.

बुधवारी तिचा गोल तुकडा कापून नळीत बसवला, आधी भिजवला, वरून तेलकट पाणी ओतलं. तेल पाण्यासोबत सरळ खाली. दुसरा तुकडा, तिसरा. दुपारपर्यंत सात झाले. सगळ्यांतून तेल गेलं.

मी त्याला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. "ही ती घोंगडी नाहीच. तुम्ही दुकानातली कुठली तरी आणून दिलीत. परवा माझा विषय बंद होणार आहे, तुम्हाला ही गंमत वाटते का?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग, "उद्या सकाळी येतो," एवढंच.

गुरुवारी नऊ वाजता तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. हातात स्टीलचा डबा. मी बोलायच्या आत त्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "आईशी बोला."

"पोरी," त्याच्या आईचा, केराबाईंचा आवाज आला, "घोंगडी आमचीच हाय. पर नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असती. खळीनं सूत ताठ ऱ्हातं. म्या लई सांगितलं ह्येला, धुऊ नगंस, खळ जाईल. ऐकंना. तीन डाव रिठ्यानं धुतली, दगडावर घासली. म्हनला, कोरी घोंगडी टोचती, तिचे हात नाजूक हायत."

मल्हारने झडप घालून फोन बंद केला. त्याचे कान लाल झाले होते.

"टोचते म्हणून?" मी विचारलं.

"व्हय."

"तीनदा?"

"दोनदा धुऊन बी टोचत हुती की."

मला रागही आला आणि काहीतरी भलतंच गोडही वाटलं. माझं दीड वर्षाचं काम ज्याने पाण्यात सोडलं, त्याने ते माझ्या तळहातांचा विचार करत सोडलं होतं. यावर भांडायचं तरी कसं?

डब्यात भिजवून वाटलेले चिंचोके होते. हॉटप्लेटवर आम्ही खळ शिजवली. तो ढवळत होता, मी तापमान लिहीत होते. "हिला उकळी किती द्यायची?" मी विचारलं. "बुडबुडा फुटताना फस्स म्हनला की झाली," तो म्हणाला, आणि मी वहीत तेच लिहून पुढे आकडा टाकला. त्याच धुतलेल्या घोंगडीच्या तुकड्यांना खळ लावली, वाळवली, पुन्हा भिजवली. ओल्या खळीचा बुळबुळीत थर तेलाला टेकूच देत नव्हता. दुपारी नळीतून नितळ पाणी ठिबकायला लागलं. आम्ही दोघं वाकून बघत होतो, डोक्याला डोकं लागलं, आणि कुणीच मागे झालं नाही.

शुक्रवारी समितीतल्या एकांनी विचारलं, "खळ तर धनगर पिढ्यान्‌पिढ्या लावतात. यात तुमचं काय?"

मी उत्तर दिलं. खळ माझी नाही, हे पहिल्याच पानावर लिहिलंय. ती तेल किती अडवते, किती वेळा वापरता येते आणि मातीत किती दिवसांत जिरते, एवढं मोजणं माझं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भुवनेश्वरी मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

बाहेर तो पिकअपला टेकून उभा होता.

"विषय राहिला," मी म्हणाले. "वर्षभरासाठी."

त्याने डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "आईचं नाव लिवलं?"

"लिहिलं. केराबाई, मैंदर्गी."

"आन माजं?"

"तुमचं नाही लिहिलं."

त्याचा चेहरा उतरला. "बरं," तो म्हणाला. "खळ तर आईचीच हाय."

"तसं नाही. मदत करणाऱ्यांची नावं लिहायची आणि खाली सही करायची, की वरीलपैकी कोणाशीही माझे वैयक्तिक संबंध नाहीत. तुमचं नाव घातलं असतं तर... सही खोटी झाली असती. मला तुम्ही आवडता, मल्हार. फार आवडता."

रस्त्यावरून एक बस गेली, तिच्यामागे दोन रिक्षा. तो पिकअपचा टेका सोडून सरळ उभा राहिला. आमच्या घरी काय म्हणतील, त्याच्या घरी काय म्हणतील, हे दोघांनाही माहीत होतं आणि त्या क्षणी ते दोघांनीही बाजूला ठेवलं.

"मग अवघडच हाय," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"आईचं नाव बी लई दिवस ऱ्हात न्हाय त्या कागदावर."

सासूशी संबंधही वैयक्तिकच की, हे मला जरा उशिरा समजलं. समजलं तेव्हा मी त्याचा हात धरला, भर रस्त्यात.

"वर्षभर राहू द्या," मी म्हणाले. "पदवी घ्यायचीय मला."