हितलं का तितलं

"उद्या सकाळी पाणी नाही हं, टाकी धुणार आहेत," कल्याणी म्हणाली.

जेवणं आटोपून मुलं गच्चीवर आली होती. रंगनाथकाका नेहमीच्या खुर्चीत बसले होते.

"वॉचमनला सांगा, पंपाचं मेन स्विच काढून ठेव म्हणावं," काका म्हणाले.

प्रज्ञेश हसला. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नुकताच लागला होता. "काका, आता सगळं ऑटोमॅटिक असतं."

"असं का? आमच्या ऋषीला भेटायला हवं होतंस. त्यालाही तसंच वाटायचं."

काकांनी खुर्ची मुलांकडे वळवली. मग सांगू लागले.

ऋषी माझ्या साडूचा मुलगा. तुझ्यासारखाच संगणकवाला. इथेच धायरीत, चौकापलीकडच्या सोसायटीत राहायचा. वरची टाकी रिकामी झाली की खालच्या टाकीतला पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून त्यानं पंपाजवळ एक छोटी डबी बसवली होती. हौसेनं, फुकटात. सगळ्यांनी कौतुक केलं.

त्या वर्षी दसऱ्याआधी टाकी धुवायची होती. धुवायला नागोराव यायचा, खेडेगावचा साधा माणूस. ऋषीनं डबीला सांगून ठेवलं, दहा ते बारा पंप बंद. वॉचमन म्हणाला, मेन स्विच काढू का? ऋषी म्हणाला, कशाला?

"प्रोग्राममध्ये तारीख-वेळेचा हिशेब करायला तयार कोडची लायब्ररी असते, बरोबर?" काकांनी प्रज्ञेशला विचारलं. "तिला नुसतं 'दहा' सांगितलं, तर कुठले दहा धरते ती?"

"त्या मशिनला जी वेळ लावलेली असेल ती," प्रज्ञेश म्हणाला. त्याचं हसू जरा कमी झालं होतं.

तेच झालं. ऋषीनं आधी लॅपटॉपवर करून पाहिलं, त्याला भारताची वेळ लावलेली. तिथं सगळं बरोबर चाललं. पण पंपाजवळची डबी कोरी. ती ग्रीनिचची वेळ धरून बसलेली. शाळेत शिकलात ना, आपल्यामागे साडेपाच तास? तिचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. आपल्या दहाला नागोराव टाकीत उतरला. गुडघाभर पाणी होतं. वरची टाकी रिकामी झाली. पंप सुरू झाला. पाण्यात करंट उतरला. नागोराव पंपासमोरच्या भिंतीला टेकून बसल्या जागी गेला.



अपघात म्हणून नोंद झाली. ऋषीला कुणी बोललं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. त्याला कळलं. पण तो रडला नाही. ऑफिसला जायचा, यायचा. त्याची बायको शेफाली वाढायची, तो जेवायचा. एकदा भाजीत मीठ घालायचं राहिलं, तरी सगळी संपवली. ती मला म्हणाली, "काका, घरात पाहुणा राहिल्यासारखं वाटतं हो."

मार्चात पुन्हा टाकी धुवायची ठरली. उतरणार कोण? नागोरावचा धाकटा भाऊ, संभाजी. घरचं काम ते. ऋषीच्या मनात एकच होतं, ह्याला काही होता कामा नये.

होळीच्या आधीचा शुक्रवार होता, दोन हजार चौदा सालचा. रात्री जेवून ऋषी खाली गेला. डबीला ह्या वेळी स्पष्ट 'भारत' असं लिहून दिलं. मेन स्विच काढलं. फ्यूज काढून खिशात घातले. झाकण उघडून बॅटरी मारली. पाणी काठोकाठ होतं, सकाळी उपसणार होते. झाकण लावलं. तरी पाय निघेना. तिथंच कट्ट्यावर बसला.

किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही.

मग खालून आवाज आला.

खर्र... खर्र...

काथ्याच्या ब्रशचा. भरलेल्या टाकीतून.

ऋषी हलला नाही.

आवाज थांबला.

"सायेब..."

झाकणाखालून. दबका.

"किती वाजलं?"

ऋषीनं फोन पाहिला. "अडीच."



मग...

"हितलं?"

...

"का तितलं?"

मी त्याला विचारलं, भ्यायलास का रे? तो म्हणाला, "नाही काका. काहीच वाटलं नाही. हात बधिर, पाय बधिर. फक्त एवढं कळत होतं, की ह्या वेळी चुकायचं नाही."

"इथले," तो म्हणाला. जीभ जड झालेली. "इथले, नागोराव. इथलेच."

...

खर्र... खर्र...

उजाडेपर्यंत.

सकाळी संभाजी शिडी खांद्यावर घेऊन आला. ऋषी तिथंच बसलेला. रात्रभर झाकणाला कुणी हात लावला नव्हता.

संभाजीनं झाकण उचललं. वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सायेब," तो म्हणाला, "मला बोलवून दुसऱ्याकडनं करून घेतलं व्हय?"

ऋषी उठून आला.

आत पाणी नव्हतं. थेंब नव्हता. तळ लख्ख. भिंती वरपर्यंत घासलेल्या.

संभाजीनं शिडी खाली सोडलीच नाही. उतरायला काही उरलंच नव्हतं.

"मग पाणी कुठं गेलं?" कल्याणीनं हळूच विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. 

"एवढंच," ते म्हणाले. "पंपासमोरच्या भिंतीला, अगदी खाली, एका जागी शेवाळ तसंच राहिलं होतं. टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीएवढं."