संसार म्हणजे दुनिया?

"भिया, चप्पल बाहेर!"

"मी भिया-भैया कुणी नाहीये, बाई आहे," सुनेत्रा फणकारली. ओढणीखाली झाकून आणलेला शाळेचा बिघडलेला प्रिंटर तिनं दाणकन टेबलावर ठेवला. बाहेर देवासच्या टेकडीवर पाऊस बुरबुरत होता.

त्यानं वर पाहिलं — आणि कान लालेलाल! "सॉरी हं. मी प्रणव. घ्या पेचकस, स्क्रू खोला."

"मी? दुरुस्त तुम्ही करणार ना?"

"इथे करून नाही मिळत. इथे सगळे मिळून शिकतात. बिघडलं तर बिघडलं!"

दुरुस्तीचं दुकान म्हणावं तर तेही नाही, अशी वेडी जागा तिनं जन्मात पाहिली नव्हती. दोन हजार सहा साल. एरवी कॉम्प्युटरला हात लावायची चोरी, आणि इथे कारखान्यातला फिटर, कॉलेजच्या पोरी, खातेगांवचा सोयाबीनवाला, सगळे एकाच टेबलाशी. आणि या माणसाचा धीर तर काय सांगावा! तोच प्रश्न कितीदाही विचारा, हसूनच सांगणार. प्रिंटर सुरू झाला, पण सुनेत्राचं जाणं काही थांबेना. हळूहळू तीही शिकवू लागली, अर्धी जागा तीच सांभाळू लागली. अहो, जीव जडला होता पोरीचा!

तो मात्र हिंदी शाळेत शिकलेला, मराठीत मनातलं सांगताना पार अडखळायचा. इकडे तिच्या वडिलांनी, दादांनी, पुण्याचं स्थळ आणलेलं. रविवारी मंडळी बघायला येणार होती.

"तुला काही बोलायचंय?" शेवटी तिनंच विचारलं.

"हो... म्हणजे... शनिवारी नवी पाटी लावतोय. मराठीत लिहिलीये, तुझ्यासाठी. दादांनाही आण ना."

शनिवारी दादांनी पाटीवरचा पडदा ओढला. ठळक अक्षरं झळकली — 'सुनेत्रा-प्रणवचा संसार. सर्वांचे स्वागत आहे.'

"वा! लग्न कधी लावलंत? आम्हाला अक्षतासुद्धा नाहीत?" दादा कडाडले.

एकच हशा उसळला. प्रणव पांढराफटक. "काका, संसार... मतलब दुनिया! आपली दुनिया, असं लिहायचं होतं..."

"अरे बाबा, ते हिंदीत! मराठीत संसार नवरा-बायकोचा असतो," दादा म्हणाले.

सुनेत्रानं पाटी पुन्हा वाचली. म्हणजे नुसती चूक होती तर! तिनं ती अक्षरं खोडायला रंगाचा डबा ओढला, ब्रश बुडवला. डोळे भरून आले होते, अक्षरंही धड दिसेनात.

त्यानं तिचं मनगट धरलं — सगळ्यांदेखत, दादांदेखत.

"सोड. चुकलंय ते."

"लिहिलं हिंदीत होतं," तो म्हणाला, आणि या वेळी मुळीच अडखळला नाही. "तू मराठीत वाच."

ब्रश तिच्या हातून निसटला. दादा खाकरले.

"सुनू, पुण्याला फोन लाव, येऊ नका म्हणावं. आणि प्रणवराव... उद्याचे पोहे खायला तुम्हीच या."