सहा खुर्च्यांपुरतं मशीन

हाल्वर काका लय थापा मारतो, आम्हा पोरांना माहितीय. पण ही गोष्ट काढताना त्यानं होडीघरातला कंदील बारीक केला, आणि आमची खीखी बंद झाली.

"शेटिल ओळखता ना? माझ्या बोटीवर यायचा तो. त्याच्यासोबत घडलेलं आहे हे."

शेटिलचं काम साधंच होतं. तो कामाला होता त्या रांदीच्या कॉल सेंटरला फोनचा सर्व्हर घ्यायचा. दरीत एकटी राहणारी म्हातारी माणसं अडचण आली की गळ्यातलं बटण दाबतात, फोन थेट रांदीकडं लागतो.

रांदी म्हणाली, "सहा खुर्च्या, सहा फोन. छोटा प्रोसेसर बास झाला."

"खुर्च्या नको मोजूस गं. रांगेत ताटकळणाऱ्यांचा भारपण प्रोसेसरवरच पडतो. वर सगळं बोलणं रेकॉर्ड होतं."

"रांग? इथं माणसांपेक्षा रेनडिअर जास्त! का लुसी फोन करणारे तुला?"

लुसी म्हणजे तेरा डिसेंबरच्या रात्री हिंडणारी हडळ. सेंटरातले सगळे फिदीफिदी हसले. शेटिलपण हसला. छोटाच घेतला.

आणि वादळ नेमकं तेरा डिसेंबरला आलं. रात्री दरीभर वीज गेली. झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम बटणं दाबली. प्रोसेसरचा जीव घुसमटला, आवाज तुटायला लागले. बोर्गहिल आजी कधीची रांगेत. शेवटी शेटिलनंच तिचा फोन उचलला.

"मी... पाय... बा..."

"आजी, परत सांग! काय झालं?"

"...हेर..."

सकाळी सापडली. तिच्याच अंगणात. गोठून लाकूड झालेली.

मग आला मोठ्या प्रोसेसरचा नवा सर्व्हर. लगेच आला. आता कशाला...

काकानं शेगडीत लाकूड सारलं.

पुढच्या वर्षीची तेरा डिसेंबर. रात्रपाळीला शेटिल एकटा. दरी शांत. एकही फोन नाही. मशीन निवांत पडलेलं असायला हवं.

पडद्यावर... रांगेत एक.

उचलला.

आवाज एकदम स्वच्छ. "आता ऐकू येतंय?"

"ह... हो, आजी."

"मग मी अजून रांगेत का?"

...

शेटिलचा हात सर्व्हरच्या वायरीकडं गेला. प्लग उपटावा? उपटला तर दरीतल्या जित्या म्हाताऱ्यांची बटणं मुकी. परत कुणी अंगणात... नाही. फोन कानाला लावून तसाच बसला. पलीकडं वारा. श्वास. वारा.

सकाळची माणसं कामावर आली, तेव्हा फोन आपोआप तुटला. शेटिलनं बघितलं, आला कुठून हा? पडद्यावर नाव होतं. जुना सर्व्हर.

तो तर मागच्या शेडमध्ये. वर्षभर. सगळ्या वायरी काढून.

शेटिल मागं गेला. मांडीभर बर्फ. पाऊल कुणाचंच नाही. शेडचं छप्परपण पांढरंफटक. फक्त जिथं खाली मशीन ठेवलेलं, बरोब्बर त्याच्यावर... एक चौकोन. उघडा पत्रा. ओला.

त्यातून वाफ निघत होती.