आप्पासो मगदूमांचं बोट

इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये आता रिमोटच्या गाड्या पळत. चोवीस यंत्रमाग जिथं खडखडत होते तिथं राखाडी गालिचा अंथरला होता आणि त्यावर पांढऱ्या पट्ट्यांनी अकरा वळणांचा रस्ता आखला होता, देशातल्या सगळ्या क्लबांत असतो तोच. रविवारी सकाळी नऊला दार उघडलं की हातभर लांबीच्या गाड्या काखेत मारून चाळिशी-पन्नाशीचे पुरुष आत येत आणि दाराजवळच्या तपासणीच्या टेबलापुढं रांग लावत. टेबलामागं हौसाक्का चौगुले बसलेली असे. सहासष्ट वर्षांची, आयुष्यभर मोटारी भरलेली, म्हणजे त्यांच्यात तार गुंडाळलेली. तांब्याच्या तारेत आयुष्य घालवलेल्या बाईला फसवणं अवघड, म्हणून क्लबानं तिला तिथं बसवलं होतं. क्लबातल्या माणसांबद्दल तिला काय वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

"तेराशे बासष्ट," काट्याकडं बघत अक्का म्हणाली. "कमीत कमी तेराशे पन्नास लागतं. ठीक आहे. पण हे खाली काय चिकटवलंय?"

"शिसं," दातांचे डॉक्टर बिरनाळे म्हणाले. "टायटॅनियमचे स्क्रू घातले ना, गाडी फारच हलकी झाली. नियमात बसेना."

"म्हणजे स्क्रू घालून हलकी केली आणि शिसं लावून जड केली."

"शिसं पाहिजे तिथं लावता येतं, अक्का. तोल साधतो."

"पोटाचं वजन उतरवून तोल साधत नाही का?"

"पोट गाडीत बसत नाही," डॉक्टर म्हणाले. रांगेतले दोघं हसले.

सगळे असेच होते. टायर क्लबाकडूनच घ्यायचे, सगळ्यांना एकाच जातीचे, हा नियम. म्हणून प्रत्येकाकडं टायरला चोळायचं आपलं वेगळं गुपित तेल होतं, आणि ती बाटली प्रत्येकजण मोज्यात लपवून आणत असे. सगळ्या मोज्यांना वास एकच येई. मोटारी सीलबंद हव्यात, हा दुसरा नियम. म्हणून दहा सीलबंद मोटारी विकत घ्यायच्या, त्यातली सगळ्यात जोरात फिरणारी ठेवायची आणि उरलेल्या नऊ नवशिक्यांना विकायच्या. मोठ्या माणसांनी खेळण्यासाठी एवढी अक्कल खर्च करावी, याची अक्काला गंमत वाटायची पूर्वी. आता तीही वाटत नसे.

खरं भांडण बॅटरीचं होतं. सहा वर्षांपूर्वी स्कूटरसाठी नव्या तऱ्हेची बॅटरी निघाली होती. तिच्या आतल्या पापुद्र्यांतून वीज जशी वारंवार जाई तशी तिथं वाट रुळत जाई, आणि कोणत्या क्षणाला किती वीज मागितली गेली हे तिच्यातली नखाएवढी चकती लक्षात ठेवी. रोज त्याच रस्त्यानं जाणाऱ्या माणसाची स्कूटर चढ यायच्या आधीच तयारीत राही. लोक तिला सरावी बॅटरी म्हणत. शर्यतवाल्यांनी ती गाडीत घातली तेव्हा वेगळंच झालं. एकाच माणसानं, एकाच रस्त्यावर हजारो फेऱ्या मारल्या की त्याचं बोट रिमोटचा चाप ओढायच्या पळभर आधीच बॅटरी जोर देऊ लागली. बोट उशिरा पडलं तरी बॅटरीला उशीर होत नसे. गेल्या वर्षी सांगलीच्या अंतिम शर्यतीत एकाच्या रिमोटचा चाप मोडला. त्याची गाडी पुढच्या तीन फेऱ्या आपली आपण वेग घेत आणि वळणावर कमी करत राहिली. तो फक्त रिमोटवरचं चाक फिरवत होता, आणि तरी दुसरा आला.

त्यानंतर चौदावा नियम आला. अंतिम शर्यतीआधी बॅटरी कोरी करायची. आज त्या नियमाखालची पहिलीच अंतिम शर्यत होती. त्यासाठी अक्काच्या टेबलावर भाकरीच्या डब्याएवढं यंत्र होतं. त्याला सगळे पुसणी म्हणत. त्यात बॅटरी अकरा मिनिटं ठेवली की रुळलेल्या वाटा आणि लक्षात ठेवलेलं सगळं जाई. पुसण्याआधी बॅटरी कोणाची आहे हे पडद्यावर पाहून घ्यायचं, एवढंच अक्काचं काम. पडद्यावर दोन रेघा उमटत. माणसाच्या बोटानं जशी वीज मागितली ती लाल रेघ, बॅटरीनं जशी दिली ती निळी.

दुपारी बारापर्यंत सात जणांच्या बॅटऱ्या पुसून झाल्या. आठवे आप्पासो मगदूम. पाच वेळा अजिंक्यपद, एकेकाळी चाळीस मागांचे मालक. रांगेत उभं राहायची त्यांना कधी सवय नव्हती, त्यामुळे रांग संपल्यावर आले.

"ही घ्या, अक्का. आणि जरा लवकर."

"अकरा मिनिटं लागतात."

"मोटारी भरत होता तेव्हाही अशाच सावकाश होता तुम्ही."

"तुमच्या मोटारी जळूनच यायच्या. मागाला तेल घालायला तुमचा हात आखडायचा."

आप्पासो हसले नाहीत. अक्कानं बॅटरी जोडली आणि पडद्याकडं पाहिलं. सकाळच्या तिन्ही पात्रता फेऱ्यांत हे गृहस्थ पहिले आले होते. निळी रेघ पाण्यासारखी अलगद वर जाणारी आणि खाली येणारी होती. लाल रेघ मात्र करवतीच्या दात्यांसारखी होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. डावा हात पँटच्या खिशात होता. चाप ओढायचा हात तोच.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आप्पासो, मी रेघ बघतीय."

त्यांनी मागं वळून पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. "दिवाळीपासून. कंपवात म्हणतात. गोळ्या चालू आहेत."

"मग सकाळी पहिलं कोण आलं?"

"मीच आलो. ही निळी रेघ कुणाची आहे? चार वर्षं मीच घोटून घेतलीय ती. चौदा हजार फेऱ्या. माझंच बोट आहे ते."

"आता पुसायचंय ते."

"म्हणून तर आलोय." आवाज खाली आला, पण त्यातला मालक गेला नाही. "अकरा मिनिटं डबा बंद ठेवा. बटण दाबू नका. कुणाला कळणार आहे?"

अक्का काही बोलायच्या आत क्लबाचा सेक्रेटरी शीतल आवटी आला. त्याच्याबरोबर बॅटरी बनवणाऱ्या कंपनीचा एक तरुण होता, हातात चपटी पेटी.

"अक्का, एक सूट द्यायचीय," शीतल म्हणाला. "मगदूम साहेबांची बॅटरी पुसायची नाही. हे तिची नक्कल घेणार आहेत. पुढच्या हंगामापासून नव्या बॅटऱ्यांत हेच बोट भरून येणार. देशभर."

"भरून म्हणजे?"

"तयार," तरुण म्हणाला. "मुलांना सरावात वर्षं घालवावी लागणार नाहीत."

"मग पोरं काय करणार?"

"गाडी चालवणार."

"बोट ह्यांचं, गाडी बापाच्या पैशाची. पोराचं काय?"

"पोराचं नाव," शीतल म्हणाला. त्याला तो विनोद वाटला नव्हता.

अक्कानं आप्पासोंकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, निदान आता तरी हा माणूस चिडेल. पण आप्पासो फुलले होते. देशभर, हा शब्द त्यांनी ओठांतल्या ओठांत एकदा घोळवला. आपल्या बोटावर हजारो गाड्या. त्यांचा चेहरा पहिला चषक घेतानाच्या फोटोतल्यासारखा झाला होता.

"सूट-बिट मला माहीत नाही," अक्का म्हणाली. "अंतिम फेरीत उतरायचं तर बॅटरी कोरी. न उतरणाऱ्याची मी पुसत नाही. नियम तुम्हीच लिहिलाय."

"साहेब न उतरून कसं चालेल?" शीतल म्हणाला. "लोक त्यांनाच बघायला आलेत."

"मग नक्कल झाली की पुसते."

"दहा मिनिटं द्या," आप्पासो म्हणाले. शीतल त्या तरुणाला चहा पाजायला घेऊन गेला.

अक्का पुन्हा पडद्याकडं वळली. सवयीनं तिनं निळी रेघ मोठी केली. तिसऱ्या वळणापर्यंत गुळगुळीत. पाचव्यापर्यंत गुळगुळीत. सातव्या वळणावर, जिथं वेग कमी करून लगेच वाढवावा लागे, तिथं निळ्या रेघेलाही बारीक दाते फुटले होते. तिनं गेल्या महिन्याच्या फेऱ्या काढल्या. तिथं दाते आणखी बारीक होते. त्याआधीच्या महिन्यात नव्हते.

"आप्पासो, इकडं या. हे बघा."

त्यांनी पाहिलं. कळायला वेळ लागला.

"तुमचा कंप बॅटरीत उतरतोय," अक्का म्हणाली. "दिवाळीपासून तुम्ही तिला तोच शिकवताय. चार वर्षांचा जुना सराव आहे म्हणून तो अजून दबलाय. पण सातव्या वळणावर बसलाय."

"त्या कंपनीवाल्याच्या पेटीला दिसेल?"

"ती पेटी फक्त फेरीची वेळ बघते. वेळ अजून सगळ्यांत चांगली आहे. म्हणजे त्यांच्या लेखी बॅटरी निर्दोष. दोष असला तर तपासणाऱ्यानं त्यांच्या कागदावर लिहायचा."

"म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी."

आप्पासोंनी खुर्ची ओढली. "तेवढंच पुसता येत नाही? सातवं वळण?"

"पुसणी आहे ती, चाळणी नाही. पुसलं तर सगळं जाईल. कंपही आणि बोटही."

गालिच्यावर बाकीचे सात जण कोऱ्या बॅटऱ्यांवर सराव करत होते. डॉक्टर बिरनाळ्यांची गाडी टायटॅनियम आणि शिशासकट भिंतीवर आदळली. दुसऱ्याची तिच्यावर. बॅटरी शिकवलेली नसली की या लोकांना सरळ रस्त्यावरही धड जाता येत नसे, आणि यांना स्वतःला शर्यतवाले म्हणवून घ्यायचं असे.

"माझ्या मोटारींचं माहीत आहे का तुम्हाला?" अक्का म्हणाली. तिला हे सांगायचं नव्हतं. "शेवटी ज्या मोटारींच्या कारखान्यात होते, त्यानं पंधरा दिवस माझ्या बोटांना तारा बांधल्या होत्या. मी कशी गुंडाळते ते यंत्राला शिकवायला. मग पेढे दिले आणि घरी पाठवलं. माझं हे बोट," तिनं उजवी तर्जनी दाखवली, "लहानपणी दारात चेचलेलं. वाकत नाही. म्हणून मी शेवटची गाठ तिरकी मारायचे. आता तुमच्या या सीलबंद मोटारी येतात ना, उघडून बघितल्या आहेत मी दोन-चार. सगळ्यांत तिरकी गाठ. यंत्राला धड बोटं दिली आहेत, तरी."

"मग? चालतात की मोटारी."

"चालतात."

"मग तक्रार कसली?"

या माणसाला काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं होतं, हे तिला चाळीस मागांच्या काळापासून ठाऊक होतं. "तक्रार नाही. अकरा मिनिटं लागतात, आणि शर्यत दोनला आहे. काय करायचं ते सांगा."

आप्पासोंनी खिशातून डावा हात काढला आणि टेबलावर ठेवला. तर्जनी अंगठ्यावर घासत होती, थांबत नव्हती. त्यांनी त्या बोटाकडं पाहिलं, जणू ते दुसऱ्याचं असावं.

"मी उतरत नाही," ते म्हणाले.

"घाबरलात."

"हो. कोऱ्या बॅटरीवर हे बोट घेऊन तिथं उभा राहिलो तर डॉक्टरसुद्धा मला मागं टाकेल." मग थोडं थांबून, "आणि त्या कंपनीवाल्याच्या कागदावर काही लिहू नका."

"का? दोष लिहिला तर कंपनीवाले तो घासून गुळगुळीत करतील. चांगलंच होईल."

"घासलं की माझं काय राहिलं? कंप असेना का. जाऊ दे तसाच."

"तुमच्या मोठेपणासाठी देशभरातली पोरं थरथरतील."

"बारीक दाते आहेत. कळणार नाहीत."

"तुमचा कंपही आधी बारीकच असणार. दिवाळीआधी कळला होता?"

आप्पासो उठले. हात पुन्हा खिशात घालून ते शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि लोकांना सांगू लागले की नव्या मुलांना संधी मिळावी म्हणून आपण नाव मागं घेतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बिरनाळे त्यांच्या पाया पडले. अक्का तोंड वळवून बसली.

कंपनीच्या तरुणानं पेटी जोडली. चार मिनिटांत नक्कल झाली. पेटीवर हिरवा दिवा लागला, आणि त्यानं एक कागद तिच्यापुढं सरकवला. तपासणाऱ्याचं नाव. बॅटरीचा क्रमांक. सगळ्यात खाली, आढळलेले दोष.

"सगळं ठीक आहे ना, अक्का?" तो म्हणाला. त्याचं लक्ष गालिच्यावरच्या धडकांकडं होतं.

तिनं पेन उचललं. लिहिलं तर एका भित्र्या माणसाचं दुखणं गावभर होणार होतं, आणि कंपनी त्या बोटातून तो माणूसच घासून काढणार होती. नाही लिहिलं तर तो कंपासकट हजारो बॅटऱ्यांत बंद होऊन जाणार होता. तिला त्याची दया आली नाही. तिला ह्या तरुणाचा राग आला, जो दोष विचारत होता आणि उत्तर ऐकायला इकडं बघतही नव्हता.

"दोष नाहीत," असं तिनं लिहिलं आणि सही केली.

तरुण निघून गेला. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर सात गाड्यांचा ढीग झाला. अक्का तिकडं बघत नव्हती. पुढच्या हंगामात कुठल्याशा गावात एखादी बारा वर्षांची पोरगी ही बॅटरी नव्या गाडीत घालेल. गाडी सुसाट जाईल, आणि सातव्या वळणावर किंचित थरथरेल. पोरगी गाडीवर संशय घेणार नाही, कारण गाडी महागाची असेल. ती रिमोट खाली ठेवेल आणि स्वतःच्या बोटाकडं बघत राहील. तेव्हा तिला कोण सांगणार, की थरथरलं ते बोट तिचं नाही?